वजनकाट्यापाशी सापडणारा दाजी

मी दाजी बोलतोय. नमस्कार-चमत्कार नंतर करू. आधीच सांगून टाकतो, मी रागात आहे, आणि माझी समजूत घालायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच सोडून द्या.

मी माणूस नाही. जाड कॅनव्हासचा, आत वाळू आणि चिंध्या भरलेला, पुरुषभर उंचीचा बाहुला आहे. आग लागली, इमारत कोसळली, वायू गळला, तर माणसं कशी बाहेर काढायची याची रंगीत तालीम होते ना, त्या तालमीतला जखमी म्हणजे मी. तुम्ही मला पाहिलं असेल. निदान माझा फोटो तरी. दोन जवान मला खांद्यावर टाकून धावताहेत, शेजारी साहेब हात वर करून कुठंतरी बोट दाखवताहेत, मागे पाहुणे टाळ्या वाजवताहेत. त्या सगळ्या फोटोंत माझी मान खाली लटकलेली असते. लाजेनं लटकलीय, असं खुशाल समजा.

माझा जन्म जुन्या बॅटऱ्यांच्या गोदामात झाला. फोनच्या, गाड्यांच्या, संगणकांच्या निकामी बॅटऱ्या शहरभरातून तिथं येतात. खाली मोठ्या दाराशी वजनकाटा, पुढे निवडायची टेबलं, आणि मागच्या लोखंडी जिन्यानं वर गेलं की लांबलचक पोटमाळा. त्या पोटमाळ्यावर बॅटऱ्या भरायच्या जाड पिशव्या शिवल्या जायच्या. शिवणारी एकटी ताई. तिचं मशीन असं दणकट की चार पदरी कापडातूनही सुई लोण्यातून गेल्यासारखी जायची. ताईचं तोंड त्या मशीनपेक्षाही जोरात चालायचं.

अग्निशमन दलानं बाहेरून मागवलेला बाहुला पहिल्याच फेकाफेकीत उसवला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, गोदामातल्या ताईकडून शिवून घ्या. ताईनं माप घ्यायला नवऱ्यालाच उभं केलं. तो गोदामाचा टेम्पो चालवायचा. मितभाषी, गुबगुबीत, दोन खेपांच्या मध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपणारा गृहस्थ.

"पोट आत घेऊ नका," ताई टेप लावता लावता म्हणाली. "आहे तसं असू दे. आयुष्यात एकदा तरी काही उपयोग होतोय तुमचा."

"अगं पण माझंच माप कशाला?"

"मला हे एकच माप पाठ आहे."

वाळू भरून झाल्यावर छातीत पोकळी राहिली. ताईनं नवऱ्याचे जुने चौकडीचे शर्ट आणले आणि ठासून ठासून भरले. मग मोठा दाभण घेऊन मला गळ्यापासून बेंबीपर्यंत शिवलं. म्हणजे माझ्या छातीत वाळू कमी आणि टेम्पोवाल्याचे शर्ट जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जवान मला न्यायला आले. त्यांचा प्रमुख एक उंच, कमी हसणारा माणूस. त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण कुणाचा बुटाचा बंद सुटलेला दिसला तरी तो सगळ्यांसमोर बांधायला लावायचा. त्यानं मला उचलून पाहिलं आणि पाठीला हात लावला.

"ताई, जड केलाय हो. कुणाच्या मापाचा?"

"तुमच्या दाजींच्या. उचलायला जड आणि कामाला शून्य."

सगळे जवान हसले, खाली टेम्पोत बसलेला नवराही ओशाळून हसला, आणि त्या दिवसापासून मी दाजी झालो. नाव चपखल होतं म्हणा. दाजीनं काय करायचं असतं? आडवं पडायचं, आणि बाकीच्यांनी त्याची सरबराई करायची.

आता साहेब. शहराच्या आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख. या माणसाला मी मूर्ख म्हटलं असतं तर माझा राग कधीच निवला असता. मूर्खावर कोण किती दिवस डूख धरणार? पण साहेब हुशार होते. दूरवर जाऊन शिकून आले होते. नव्या बॅटरीची आग जुन्या आगीसारखी नसते, ती पाण्यानं विझल्यासारखी वाटते आणि परत पेटते, तिचा धूर दोन-चार श्वासांत माणसाला लोळवतो, हे शहरात सगळ्यांत आधी त्यांनीच सांगितलं. पहिल्या तालमीला त्यांनी गोदामच निवडलं ते त्याचसाठी. आणि मला त्यांनी स्वतः, शर्टाच्या बाह्या वर करून, पोटमाळ्यावर नेलं आणि ताईच्या मशीनच्या टेबलाखाली सरकवलं.

"कुणालाही सांगायचं नाही," ते ताईला म्हणाले. "खऱ्या आगीत जखमी माणूस पत्ता देऊन पडत नाही."

वा! मला तेव्हा अभिमान वाटला होता. माझ्या जन्मघरी, माझ्याच मशीनखाली मी पडून राहिलो. खाली शिट्ट्या झाल्या, नाटकात सोडतात तसला धूर सोडला, जवान आत घुसले. टेबलं पालथी घातली, भिंती चाचपल्या, आणि मला शोधत राहिले. शोधतच राहिले. बाहेर मंडपात पाहुण्यांचा चहा गार झाला. मोठे पाहुणे घड्याळ बघून निघून गेले. फोटोवाले निघून गेले. शेवटी मास्तरांनी मला बाहेर आणलं तेव्हा टाळ्या वाजवायला ताई आणि तिचा नवरा एवढेच उरले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानं छापलं, 'आपत्ती विभागाला बाहुलाही सापडेना'. साहेबांना वरून फोन आला. पलीकडून काय सुनावलं ते मला माहीत नाही, पण मी तेव्हा त्यांच्या कचेरीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलेला होतो आणि फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते पाहिलं. जणू मी मुद्दाम लपलो होतो.

पुढच्या वर्षी मी वजनकाट्यापाशी. मोठ्या दारातून आत शिरलं की डावीकडची भिंत धरायची, भिंत संपते तिथं काटा, काट्याच्या पायाशी दाजी. उजेड चांगला, फोटो चांगला, साहेबांचे बूटही स्वच्छ राहायचे. जवान आत गेले काय आणि मला घेऊन आले काय, पाहुण्यांचा चहा वाफाळतच होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांना पुष्पगुच्छ मिळाला, मग ढाल, मग दुसऱ्या शहरांत व्याख्यानं. आणि मी वर्षानुवर्षं वजनकाट्यापाशी.

मास्तर एकदा म्हणाले होते, "साहेब, पोरांची सवय होतेय. डोळे मिटून काट्याकडेच जातात."

"मास्तर, वेग महत्त्वाचा," साहेब म्हणाले. "वेग दिसला पाहिजे."

दिसला पाहिजे! हे वाक्य माझ्या छातीत शर्टांच्या मध्ये अडकून बसलंय. उरलेलं वर्षभर मी खुंटीला. उंदरांनी माझी टाच कुरतडली. दुपारच्या डुलकीला जवानांनी मला उशाला घेतलं, कुणी माझ्या डोक्यावर ओला रेनकोट वाळत घातला. ते सगळं मी सोसलं असतं. पण दरवर्षी खोटं खोटं बचावायचं, आणि तेही सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या जागी, यानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. तुमचं तरी काय वेगळं? तुमच्या कचेरीत तालमीची घंटा वाजली की तुम्ही काय करता? हातातला चहा सांभाळत, गप्पा मारत, उन्हात उभं राहायला मिळालं म्हणून खुशीत खाली उतरता. जिना कुठला, हे तरी आठवतंय का?

असो. तो दिवस सांगतो.

तालीम दुसऱ्या दिवशी होती. साहेबांच्या शिपायानं मला आदल्या दिवशीच आणून वजनकाट्यापाशी निजवलं होतं. अंगात जवानांसारखा गडद निळा डगला, हातात मोजे, डोक्यावर हनुवटीखाली पट्टा बांधलेलं हेल्मेट. सगळी तयारी जय्यत. टेबलांवर बायका बॅटऱ्या निवडत होत्या. वरून ताईच्या मशीनचा खडखडाट येत होता.

मागच्या बाजूला फुगलेल्या बॅटऱ्यांचा ढीग होता. आधी फुस्स असा आवाज आला, कुकरची शिट्टी बसते तसा. मग पांढरा धूर, आणि मग एकामागून एक फटाफट फुटायला लागल्या. बायका किंचाळत मोठ्या दाराकडे पळाल्या. कुणी माझ्यावरून उडी मारली, कुणी माझ्या पोटावर पाय दिला. मागचा जिना धुरात गेला. वरचं मशीन थांबलं.

मग ताईचा आवाज आला. "अहो! मी वर आहे! वर!"

मी ऐकला. माझ्याशिवाय तो ऐकायला आत कोणी नव्हतं, आणि मला वाचा नाही.

बाहेर बंब आले. बाहेर पळालेल्या बायका मोजल्या तर एक कमी. "एकजण आत राहिलंय!" असा ओरडा झाला. मास्तर बंबाच्या मागच्या बाजूला पाणी जोडत होते. त्यांनी दोन जवान आत पाठवले. जवान जिवावर उदार होऊन आले, हे मी कबूल करतो. त्यांना स्वतःचा हात दिसत नव्हता. आणि दिसत नसताना शरीर काय करतं? शिकवलेलं करतं. त्यांनी डावीकडची भिंत धरली. भिंत संपली. काटा लागला. काट्याच्या पायाशी एक देह लागला, जड, हेल्मेट घातलेला, ढिला.

"मिळाला!" एकजण मास्कमधून ओरडला.

मिळाला म्हणे! अरे गाढवांनो, मी आहे! मी दाजी! वर जा, वर! पण मला खांद्यावर टाकून ते सुसाट बाहेर आले. इतक्या वेगानं मला कधीच कुणी वाचवलं नव्हतं. दारात धुराचा लोट होता, माझं तोंड काजळीनं काळं झालेलं. स्ट्रेचरवाल्यांनी मला झेललं, घोंगडी गुंडाळली, जवान वळून पाण्याच्या नळीकडे पळाले. साहेब तेवढ्यात गाडीतून उतरले होते. त्यांनी वॉकीटॉकी तोंडाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आतली व्यक्ती बाहेर काढली आहे. आता आत कोणी नाही. कुणीही आत जायचं नाही, फक्त पाणी."

घोंगडीखाली मला हसू आलं नाही. मी हसण्याच्या पलीकडे गेलो होतो.

टेम्पो भरून परतलेला ताईचा नवरा फाटकातून धावत आला. "कोण राहिलं होतं? माझी बायको?" "काढलंय हो, अॅम्ब्युलन्समध्ये आहे," कुणीतरी सांगितलं. तो गाडीत चढला, दार लागलं, गाडी निघाली. त्यानं माझा मोज्यातला हात दोन्ही हातांत धरला.

"अगं बोल ना," तो म्हणत होता. "एरवी कशी फटाफट बोलतेस. बोल ना काहीतरी."

नर्सनं माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला, मनगट चाचपलं, नाडी लागेना. मग तिनं कात्री घेतली आणि डगला छातीपासून सरळ कापत आणला. घाईत कात्री खोल गेली. ताईची शिवण फाटली, आणि माझ्या छातीतून चौकडीचा जुना शर्ट बाहेर आला.

टेम्पोवाला त्या शर्टाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मला मरणही नाही.

"हा माझा शर्ट आहे. हा दाजी आहे. गाडी फिरवा! ती आतच आहे! फिरवा गाडी!"

गाडी फिरली. मास्तरांना कळलं तेव्हा ते साहेबांना न विचारता आत गेले. ताई पोटमाळ्यावर मशीनखाली सापडली, ज्या जागी साहेबांनी पहिल्या वर्षी मला लपवलं होतं, बरोबर तिथं. ओलं कॅनव्हास तोंडावर दाबून पालथी पडलेली. जिवंत होती. पण धुरानं तिची फुप्फुसं करपून गेली. आता ताई दोन शब्द बोलते, थांबते, श्वास गोळा करते, मग पुढचे दोन. माझ्या ताईचं तोंड! मशीनला मागे टाकणारं तोंड! सांगा, कुणी शांत व्हायचं?

साहेबांनी चौकशीत काय सांगितलं माहीत आहे? पथकाची हलगर्जी. शोध नीट घेतला नाही. खापर मास्तरांच्या डोक्यावर फुटलं आणि त्यांना निलंबित केलं. मास्तर एवढंच म्हणाले, "साहेब, पोरांनी तुम्ही शिकवलं तेच केलं." 

चौकशीवाल्या बाई वयस्क होत्या, कमी बोलायच्या. त्या ताईच्या घरी आल्या. मीही तिथंच होतो, फाटक्या छातीनं खुर्चीत बसवलेला, कारण ताईनं मला शिवायला मागून घेतलं होतं. शेजारी साहेब हात बांधून उभे.

"तुम्हाला काय हवंय?" बाईंनी ताईला विचारलं.

"परत तालीम... घ्या," ताई म्हणाली. "तिथंच. पण दाजी... फाटलाय." तिनं दाभण साहेबांकडे रोखला. "यांना करा... दाजी."

साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कुणी हसत नाहीये. नाही म्हणायची सोय नव्हती. "आनंदानं," ते म्हणाले.

आनंदानं कसे, तेही मी पाहिलं. तालमीच्या सकाळी, मला मंडपात नेऊन ठेवत असताना, साहेबांनी पथकाच्या नव्या प्रमुखाला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "वजनकाट्यापाशी असेन मी. नेहमीसारखं." नव्या प्रमुखानं मान डोलावली. माझ्या वाळूच्या कणाकणात आग पेटली. आणि लगेच वाटलं, थांब दाजी, हा स्वतःच्या हातानं खड्डा खणतोय, खणू दे.

साहेबांनी डगला चढवला, हेल्मेट घातलं. गोदामाचा मागचा भाग जळाला होता, पण पोटमाळा काळवंडून का होईना उभा होता. दाराशी बाईंनी त्यांना अडवलं.

"वॉकीटॉकी द्या इकडे. दाजीकडे असतो का?"

साहेबांनी दिला.

"आणि जागा ताई दाखवतील."

साहेबांचा चेहरा पडला तो तिथं. नवा प्रमुख तेवढ्यात बंबापाशी होता, त्याला काही कळलं नाही. ताई नवऱ्याच्या खांद्याला धरून, दर पायरीला थांबत, जिना चढली. खाली आली तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते आणि डोळे चमकत होते. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. पहिली रांग, पाहुण्यांची.

धूर सोडला, भोंगे वाजले. पथक आत घुसलं, डावीकडची भिंत, काटा, आणि काट्यापाशी कोणी नाही. ते बाहेर आले, गोंधळलेले. परत गेले. परत काट्याकडेच! परत आले. पाहुण्यांचा चहा गार व्हायला लागला. नव्या प्रमुखाच्या कपाळावर घाम फुटला.

"ताई, कुठं आहेत साहेब?" तो खुर्चीशी येऊन म्हणाला. "सांगा ना. धूर साधाच आहे पण ते घाबरले असतील."

ताईनं माझा हात धरला. बोटं कॅनव्हासमध्ये रुतली.  सांगू नकोस ताई, मी मनात ओरडत होतो, अजिबात सांगू नकोस, राहू दे त्याला आत, कळू दे! ती गप्प राहिली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत गोड मौन होतं ते.

मास्तर घरच्या कपड्यांत मागे उभे होते. ज्यांच्यावर सगळं खापर फुटलं तेच. ते बराच वेळ ओठ चावत होते. मग त्यांनी एका जवानाच्या डोक्यावरचा मास्क काढून घेतला, दुसऱ्या दोघांच्या दंडाला धरलं, "भिंत सोडा. माझ्यामागे या," म्हणाले आणि आत गेले. मला मास्तरांचा राग आला. भारी राग आला. थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

साहेब मशीनखालून निघाले. पालथे पडलेले, हातांनी टेबलाचा पाय घट्ट धरलेला. बाहेर आणलं तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली होती. बूट काळेकुट्ट, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्ट्रेचरवर बसते करताच त्यांनी समोर दिसेल त्याला सांगायला सुरुवात केली.

"मी हाका मारत होतो. सारख्या हाका मारत होतो. कुणालाच ऐकू गेलं नाही?"

 ताई उठली. नवरा धरायला आला तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली, श्वास गोळा केला.

"मी पण... मारत होते, साहेब."

साहेबांनी मान खाली घातली. फोटोत माझी असते तशीच लटकली ती. फोटो मात्र कुणी काढला नाही.

मास्तर परत कामावर आले. साहेब चौकशीत खरं बोलले, मग त्यांना कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कचेरीत बसवलं. लोक म्हणतात, माणूस बदलला, बिचारा बंद खोलीत बसत नाही, दार उघडं ठेवून काम करतो. म्हणू देत लोक. बिचारा हा शब्द मी ताईसाठी राखून ठेवलाय. ताई जिन्याखालच्या खोलीत बसून शिवते आता, हळूहळू. मला तिनंच शिवलं, तोच शर्ट परत आत कोंबून. शिवण जरा वाकडी झाली, दम लागला म्हणून मध्येच थांबली होती. ती वाकडी शिवण मी सरळ करू देणार नाही कुणाला.

हल्ली मास्तर मला लपवतात. एकदा पाण्याच्या टाकीमागे, एकदा लिफ्टच्या खड्ड्याशी, एकदा एका कचेरीच्या स्वच्छतागृहात दार आतून लावून. जवान शोधून शोधून घामाघूम होतात, गुडघे फुटतात, मला आईबहिणीवरून शिव्या देतात. द्या! अजून द्या! तेवढंच ऐकायला मी जगतोय.

तुमच्या इमारतीतही येईन मी कधीतरी. तेव्हा मला दारात ठेवू नका. उजेडात ठेवू नका. पाहुणे गेले तर जाऊ देत, चहा गार होऊ दे, वर्तमानपत्र हसू दे. तुमच्या घामाचा एकेक थेंब मी ताईच्या श्वासापोटी वसूल करणार आहे. दाजी रुसलाय, आणि हा रुसवा असा सहज निघायचा नाही. आधी मला शोधून दाखवा.